साडेबारा टक्क्यांचे आबा

चिरनेरच्या पुढे, डोंगर जिथे रस्त्याला येऊन टेकतो तिथे एक पाटी आहे. हिरव्या रंगात, सुबक अक्षरांत लिहिलंय : ‘या! स्वतःच्या हातांनी तोडा! ताजं खा!’ आणि त्याखाली कोळशाने, वाकड्यातिकड्या अक्षरांत, एकच शब्द : ‘विचारून’.

वरचा मजकूर मुलाचा आणि खालचा बापाचा. मुलगा दर शनिवारी संध्याकाळी ओल्या फडक्याने कोळसा पुसतो. रविवारी सकाळी पाहुण्यांची पहिली गाडी यायच्या आत तो शब्द पुन्हा उगवलेला असतो. त्या पाटीपुढे उभं राहिलं की आत काय प्रकार असणार ते कळायला हवं होतं. पण आम्ही नेरुळचे. आम्हाला पाट्या वाचून त्याबरहुकूम वागायची सवय नाही.

जायचं कारण थोरलीची प्रकल्पवही. ती पाचवीत. ‘शेताला भेट द्या, शेतकऱ्याची मुलाखत घ्या, छायाचित्र चिकटवा.’ धाकटा पाच वर्षांचा, त्याला प्रकल्प नव्हता, उत्साह होता. जानेवारीतला रविवार धरून नेरुळहून उरणची लोकल पकडली. ही गाडी उरणपर्यंत धावायला लागली ती 12 जानेवारी 2024 ला, अटल सेतूचं उद्घाटन झालं त्याच दिवशी. त्याआधी उरण म्हणजे एकतर कंटेनरच्या ट्रेलरमागे अडकलेली बस, नाहीतर मुंबईवाल्यांसाठी भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याची लाँच. आता खिडकीतून मिठागरं, कांदळवन आणि मग कंटेनरचे लाल-निळे मनोरे बघत जाता येतं. धाकट्याला ते मनोरे म्हणजे कुणीतरी खेळून न आवरलेले ठोकळे वाटले. उरणला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला वाडीचं नाव सांगितल्यावर तो वळून म्हणाला, “तोडायला चाललाय? आबा हायेत का बघा आधी. नसले तर मजा हाय.”

आबा होते.

वय पासष्टीच्या आसपास. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोक्याला मफलर आणि अंगात बंदरात घालतात तसलं झगझगीत केशरी जॅकेट, पाठीवर चंदेरी पट्टे असलेलं. मुलगा पूर्वी एका कंटेनर यार्डात कंत्राटी कामाला होता, तेव्हाची दोन जॅकेटं घरात उरली होती. एक आबा वापरतात, दुसरं वांग्यांच्या वाफ्यातल्या बुजगावण्याला दिलंय. धाकट्याने आत शिरताशिरता बुजगावण्याला “नमस्कार आबा” म्हटलं आणि ते काही बोलले नाहीत म्हणून बरं वाटून पुढे गेला. दहा पावलांवर खरे आबा उभे होते. त्यांनी नमस्कार स्वीकारला नाही. ते धाकट्याच्या बुटांकडे बघत होते, कारण त्यातला एक बूट मुळ्याच्या वाफ्यात होता.

“पाय,” आबा म्हणाले.

पुढच्या तीन तासांतली ही त्यांची सगळ्यात लहान सूचना.

आबांसारखा माणूस तुम्ही पाहिलेला आहे. फक्त शेतात पाहिलेला नसेल. गावच्या वाचनालयात असतो : पुस्तकं कपाटात असली की खूश, कुणी घरी न्यायला मागितलं की चेहरा पडतो आणि “वाचून झाल्यावर आणा” असं अशा सुरात म्हणतो की आपण ते खाणार आहोत. लग्नाच्या पंगतीत असतो : वाढपी म्हणून उभा राहतो पण जिलेबीचं ताट छातीशी धरून. आमच्या मावशीकडे नवी चादर पाहुण्यांसाठी म्हणून काढायची, अंथरायची आणि पाहुणे आले की जुनी घालायची पद्धत होती. या मंडळींना कंजूष म्हणणं चूक आहे. कंजूष माणसाला वस्तू आपल्याकडे हवी असते. यांना ती तिच्या जागी हवी असते. पुस्तक कपाटात, चादर घडीत, शेंग झाडावर. पण बाकीच्यांचं ठीक आहे. आबांनी मात्र ‘या आणि तोडा’ हाच धंदा काढला आहे. खरं तर त्यांनी नाही, मुलाने.

मुलाने ही कल्पना महाबळेश्वरहून आणली. लग्नानंतर बायकोला घेऊन गेला, तिथे एका स्ट्रॉबेरीच्या मळ्यात पुण्या-मुंबईची माणसं पैसे देऊन वाकून, घाम गाळून फळं तोडताना बघितली. घरी आल्यावर त्याने बापाला सांगितलं, आणि आबांना ते तीन दिवस पटेना. “आमी मजुरी देऊन तोरून घेतो,” ते म्हणाले, “न् हे पैसं देऊन तोरतात? मग आपली मजूर बाय काय करंल? हॉटेलान जाऊन भांडी घासंल न् वर बिल देल?” तरी मुलगा हटला नाही. महाराष्ट्रात कृषी पर्यटन काही नवं नाही. बारामतीकडे 2005 पासून हे चालू आहे, सरकारने 2020 साली त्याचं धोरणही आणलं. मुलाने सगळी कागदं वाचली, यार्डातली नोकरी सोडली, एक भंगारातला कंटेनर आणून त्यात अवजारं आणि तिकिटाचं टेबल मांडलं. सुनेने दर ठरवले : माणशी तीनशे, पाच वर्षांखालचे फुकट.

हे ‘फुकट’ आबांच्या जिव्हारी लागलं आहे. “जे जास्त तोरतात त्यांनाच फुकाट,” असं ते आम्हाला पहिल्या पाच मिनिटांत ऐकवून मोकळे झाले. धाकटा पाच पूर्ण होता. मी तीनशे भरले. त्यांनी समाधानाने मान हलवली, जणू आता निदान खटल्याला आधार मिळाला.

इथे बोलीचं सांगायला हवं. आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो, ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’. घोडा तो घोरा, पाणी ते पानी, डोळा तो डोला. त्यामुळे वाडीत दिवसभर दोन आवाज ऐकू येतात. मुलाचा माइकवरून : “तोडा, मंडळी, मनसोक्त तोडा!” आणि त्याच्या अर्ध्या क्षणानंतर आबांचा, बिनमाइकचा पण जास्त लांब पोचणारा : “तोरू नको रं!”

तोडणीआधी आबांचा वर्ग असतो. तिकिटात तो धरलेला नाही, पण चुकवता येत नाही. वालाच्या रांगेशी सगळ्यांना उभं करून त्यांनी शिकवलं. आणि खरं सांगायचं तर ते शिकवणं इतकं नेटकं होतं की मी माझ्या ऑफिसातल्या कुठल्याही प्रशिक्षणात तितकं शिकलेलो नाही. भात कापला की जमिनीत जी ओल राहते तेवढ्यावर वाल येतो, वरून पाणी द्यावं लागत नाही. रात्री दव पडतं, दिवसा ऊन, रायगडच्या थंडीला एवढं पुरतं. पोपटीला, म्हणजे मडक्यात भाजायला, शेंग कशी हवी? अंगठ्याने दाबली की आतला दाणा टच्च लागला पाहिजे, पण साल अजून हिरवी. दाणा लागत नसेल ती कोवळी, भाजली की लिबलिबीत होते. साल पिवळट, कडक ती जून, ती चावत बसावी लागते. “न् तोरायची कशी? एका हातान झार धर, दुसऱ्या हातान शेंग. खेचायचं नाय. नख लावायचं. वरती फुलां हायेत ना, ती पुढच्या आठवड्याची शेंग हाय. तू खेचलंस तं आजची एक गावंल न् पुढच्या धा जातील.”

मग म्हणाले, “कललं?”

सगळे हो म्हणाले.

“मग आता नीस्तं बघा. मी तोरून देतो.”

मुलगा कंटेनरमधून धावत आला.

आमच्या जोडीला आणखी दोन कुटुंबं होती. एका गृहस्थांनी गाडीतून उतरल्यापासून पोरांना “माती फील करा” असं सांगायला सुरुवात केली होती. त्यांच्या बायकोने दर दहा मिनिटांनी त्या फील केलेल्या मातीवर सॅनिटायझर मारला. दुसरं जोडपं फोटोवालं. त्यातल्या बाईंनी वांग्याच्या झाडाशी ओणवं होऊन, वांगं गालाला लावून एक, हातात धरून एक, तोडताना एक असे फोटो चालवले होते. तिसऱ्या फोटोच्या आत आबा तिथे पोचले. “फोटू कारा,” ते हात जोडून म्हणाले, “वांगा नका कारू.” त्या बाई मराठी कळत असूनही दोन सेकंद गोंधळल्या. वांगं वाचलं.

आबा पोरांच्या मागे चालतात ते अंपायरसारखे, हात पाठीशी बांधून, किंचित वाकून. गंमत म्हणजे ते पोराकडे बघत नाहीत. पोराच्या बोटांकडे बघतात. शेंग नीट नखाने तुटली की गप्प. खेचली गेली, फांदी करकरली की तोंडातून “स्स्स” असा आवाज, आपल्याला चटका बसल्यासारखा. थोरली असल्या बाबतीत फार जागरूक, तिने पहिल्या दहा शेंगांत एकही “स्स्स” मिळवला नाही. आबांनी तिला “शानी बाय” म्हटलं. त्या बिरुदामुळे ती इतकी चढली की धाकट्यावर देखरेख करायला लागली, म्हणजे आता त्याच्यामागे दोन अंपायर.

धाकट्याला वाल बघायचाच नव्हता. सगळ्या वाडीत एकच रांग अशी होती जिच्या दोन्ही टोकांना लाल चिंध्या बांधलेल्या होत्या. ती बियाची रांग. तिच्यातल्या शेंगा झाडावरच वाळू द्यायच्या, मग सोलून, राख लावून, पुढच्या वर्षासाठी डब्यात ठेवायच्या. पाच वर्षांच्या मुलाला लाल चिंधी म्हणजे ‘इथे या’. तो सरळ तिकडेच गेला आणि एक शेंग, अगदी नियमाप्रमाणे, दोन हातांनी, नख लावून तोडली.

आबा त्याच्याजवळ गेले. मला वाटलं आता संपलं. त्यांनी त्याच्या हातातली शेंग घेतली, उलटीसुलटी केली, अंगठ्याने दाबली. मग परत दिली. “तोरलंस बरोबर,” ते म्हणाले. “पन चोरी हाय.” आणि पुढे गेले. धाकट्याला ती शिक्षा की शाबासकी ते अजून कळलेलं नाही. मलाही.

शेंगा तोलायला कंटेनरपाशी आलो तेव्हा खरी गोष्ट सुरू झाली. सून काटा घेऊन बसली होती. तिकिटात माणशी अर्धा किलो वाल आणि पोपटी. आबांनी काट्याआधी आमची टोपली ओढून घेतली आणि शेंगा मोजायला लागले. सात आमच्या टोपलीत, एक त्यांच्या सुपात. सात इकडे, एक तिकडे. त्या हातांना इतका सराव होता की लय लागली होती.

“हे काय?” बायकोने विचारलं.

“साडेबारा टक्के,” आबा म्हणाले.

सून खाली बघून हसली. मुलाने दोन्ही हातांनी डोकं धरलं. ते रोजचंच असावं.

उरण-पनवेल-नवी मुंबईकडे राहून ‘साडेबारा टक्के’ कळत नसेल तर तुम्ही नुकतेच आला आहात. नवी मुंबईसाठी सिडको 1970 साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या 95 गावांच्या जमिनी त्यात आल्या. मग न्हावा-शेव्याचं बंदर आलं, ते 1989 ला सुरू झालं. जमिनीच्या भावासाठी दि. बा. पाटलांनी आंदोलन उभारलं. 1984 च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाट्याला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे ठरलं की ज्याची जमीन गेली त्याला साडेबारा टक्के विकसित भूखंड परत मिळेल. तेव्हापासून या पट्ट्यात ‘साडेबारा’ हा एक शब्द राहिलेला नाही, तो एक व्यवहार आहे, एक फाइल आहे, भावाभावांतलं भांडण आहे, कुणाकडे त्याच्यावर उभी राहिलेली चार मजली इमारत आहे आणि कुणाकडे अजून नुसतं वाट बघणं आहे. आबांची जासईकडची खाजणातली भातशेती गेली. चिरनेरकडचा हा तुकडा आजोळचा, आईकडून आलेला, म्हणून राहिला.

“सरकारनं समदी नेली न् साडेबारा टक्के देतो बोलली,” आबा हात न थांबवता म्हणाले. “मी समदी तुमाना देतो न् साडेबारा टक्के ठेवतो. मंग सरकार चांगला का मी?”

थोरलीने तोवर बोटांवर हिशेब केला होता. “शंभर भागिले आठ म्हणजे साडेबारा,” ती म्हणाली. “म्हणून आठातली एक.”

आबांनी मोजणं थांबवलं. तिच्याकडे इतक्या कौतुकाने बघितलं की मला क्षणभर वाटलं आता हिला एक भूखंड मिळतो. “बाय,” ते म्हणाले, “तुना एका मिनिटान कललं. मना कलाया धा वर्सं लागली.”

मुलाखतीची वेळ तिने तीच साधली. वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं. पहिला प्रश्न, आपण कोणती पिके घेता? वाल, वांगी, मुळा, मिरची, कोथिंबीर, पावसात भात आणि काकडी. दुसरा, आपल्या शेतात किती माणसे काम करतात? “पाच. त्यातला एक बसून पाट्या लिवतो.” तिसरा, आपल्यापुढील समस्या कोणत्या?

आबांनी मान वळवून वाडीभर नजर फिरवली. तिकडे ‘माती फील करा’वाले गृहस्थ मुळा उपटताना मागे पडले होते, आणि फोटोवाल्या बाई पुन्हा वांग्याशी ओणव्या झाल्या होत्या.

“ह्या,” आबा म्हणाले. “लिव.”

थोरलीने ‘ह्या’ असं लिहिलं. बाईंनी शाळेत त्याला लाल शाईने प्रश्नचिन्ह दिलं आहे.

पोपटीची तयारी आजीच्या ताब्यात. आजी, म्हणजे आबांची बायको, हे वाडीतलं दुसरं सरकार. आबा ज्याला नाही म्हणतात त्याला ती मागच्या दाराने हो म्हणते. आबा वाफ्यात गुंतलेले असताना तिने धाकट्याच्या खिशात दोन टोमॅटो कोंबले होते, त्यातला एक फुटला होता. मडकं तिने आणलं, तळाशी भांबुर्ड्याचा पाला दाबला. तो शेताच्या बांधावर आपोआप उगवतो, त्याचा तो उग्र, कापरासारखा वास, पोपटीचा अर्धा जीव त्यातच असतो. मग वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मध्ये बटाटे, रताळी, अंडी आणि आमच्यासाठी मसाला लावलेलं कोंबडीचं मांस केळीच्या पानात गुंडाळून. वर पुन्हा पाला गच्च. पाण्याचा थेंब नाही. मडकं तोंडावर उलटं ठेवायचं, भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या रचायच्या आणि पेटवायचं.

मडक्यात शेंगा भरताना आजीने हात पुढे केला आणि आबांनी सूप तिच्याकडे सरकवलं. आमच्या टोपलीतून काढून घेतलेल्या साडेबारा टक्के शेंगा, एकही न ठेवता, आमच्याच मडक्यात गेल्या.

मी बघत राहिलो. आबांनी मला बघताना बघितलं.

“विकसित करून देतो,” ते म्हणाले.

आणि मग पेंढ्याला काडी लावून, दोन तासांत पहिल्यांदा, ते हसले.

आगीपुढे बसल्यावर आबा वेगळेच. जोवर शेंग झाडावर तोवर ती त्यांची, एकदा मडक्यात गेली की ती कुणाचीही. पोरं आगीभोवती नाचत होती आणि आबा सांगत होते. खाजणात भरतीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध कसा घालायचे, ओहोटीला चिखलात निवट्या कशा पकडायच्या, चिंबोरीच्या बिळात हात कोणत्या बाजूने घालायचा. “तुमी नेरूलचं ना?” त्यांनी विचारलं.

“हो, सेक्टर—”

“सेक्टर नको. गाव सांग.”

मी नेरुळमध्ये बावीस वर्षं राहतो. मला गाव सांगता आलं नाही. मी स्टेशन सांगितलं, मॉल सांगितला, एका मोठ्या चौकाचं नाव सांगितलं. आबांनी डोळे बारीक करून त्यावरून माझी इमारत शोधून काढली. “तिथं माझ्या आत्येचं शेत होतं,” ते म्हणाले. “पावसान तिथं चिंबोऱ्या गावायच्या. मोठ्या. तुमच्या पार्किंगान बघा कवा, पावसान.”

गेल्या पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी साचलं होतं आणि सोसायटीच्या बैठकीत त्याचं खापर कंत्राटदारावर फोडलं गेलं होतं. चिंबोऱ्यांचा विषय कुणी काढला नव्हता.

मी विचारलं, इथला तुकडा तरी राहील ना आता? मुलाने आगीत काटकी टाकली. 2024 मध्ये सरकारने उरण, पनवेल, पेणकडच्या 124 गावांचं मिळून नवं शहर जाहीर केलंय, त्याला नावही आहे, कर्नाळा-साई-चिरनेर. आबा म्हणाले, “पयलं आमी शेरान गेलो. आता शेर आमच्यान येतंय. तिकीट काराया सांग त्याला,” आणि मुलाकडे वळून, “मानशी तीनशे. पाच वर्सांखालचं शेर फुकाट.”

मला इथे एक गोष्ट आठवत होती आणि ती बोलावी की नाही कळत नव्हतं. चिरनेरची कीर्ती मुळात तोडण्याची आहे. 25 सप्टेंबर 1930 ला इथल्या माणसांनी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह केला, कायदा मोडून झाडं तोडायला गेले, गोळीबार झाला, आठ जण हुतात्मा झाले. गावात स्मारक आहे. येताना रिक्षावाल्याने दाखवलं होतं. शेवटी मी बोललोच, म्हटलं आबा, ज्या गावाने तोडून सत्याग्रह केला, त्या गावात तुम्ही—

“त्यांनी इंग्रजाच्या कायद्याचं तोरलं,” आबा शांतपणे म्हणाले. “माझ्या वालाचं नाय.”

अर्ध्या तासाने त्यांनी मडक्यावर पाण्याचा हबका मारला. चर्र झालं आणि पाणी क्षणात उडालं. झाली. काठ्यांनी मडकं सरकवून, सुलटं करून, केळीच्या पानावर उपडं केलं. तो वास असा होता की सॅनिटायझरवाल्या बाई बाटली जमिनीवर ठेवून सगळ्यांच्या आधी पुढे सरकल्या.

आणि आता आबांचं वाढणं सुरू झालं. तोडताना एकेक शेंग मोजणारा माणूस मूठमूठ शेंगा पोरांपुढे टाकत होता. अंडं सोलून दिलं, रताळ्याची साल काढून दिली, कोंबडीचा तुकडा धाकट्याला न मागता दुसऱ्यांदा. “खा. लाजू नको. खा.” कुणी पुरे म्हटलं की ते दुखावत होते. फोटोवाल्या बाईंना त्यांनी वांगं भाजून आणून दिलं. ते त्यांनी स्वतः तोडलं होतं, देठासकट, कोयत्याने, अतिशय हळुवार. बाईंनी त्याचा फोटो काढला. आबा काही बोलले नाहीत.

मला वाटतं, त्यांचं सगळं भांडण तोडण्याच्या त्या एका क्षणाशी आहे. आधी झाड त्यांचं, नंतर जेवण सगळ्यांचं, मधली ती कट्कन होणारी जागा त्यांना सोसत नाही. पण हे मी आगीपुढे बसून, पोट भरल्यावर लावलेलं तत्त्वज्ञान. आजींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “आदीपासून तसंच हायेत. लगनान माझ्या वेनीतला गजरा पण नाय तोरून दिला. बोल्ले, झारावर बरा दिसतंय.”

निघताना फाटकापाशी आबा उभे होते. धाकटा दोन्ही हात खिशात घालून, जमिनीकडे बघत, सगळ्यांच्या मधून चालला होता. म्हणजे काहीतरी आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. आबांनी त्याच्यापुढे उकिडवं बसून तळवा पसरला.

धाकट्याने खिसे रिकामे केले. एक फुटका टोमॅटो. लाल चिंधीच्या रांगेतली ती शेंग. आणि आणखी सात शेंगा, कधी तोडल्या कोण जाणे, देठासकट, एकही खेचलेली नाही.

आबांनी त्या आठ शेंगा तळव्यावर मांडल्या. सात उचलून त्याच्या खिशात परत घातल्या. एक ठेवली. ती कोणती, ते आम्हाला माहीत होतं. जॅकेटच्या आतल्या खिशात टाकून ते उठले आणि रस्त्याकडे बघायला लागले, कारण तिकडून दुपारच्या पाहुण्यांची गाडी वळत होती आणि पाटीवरची ‘विचारून’ ही अक्षरं सकाळपासून थोडी फिकट झाली होती. त्यांनी कंटेनरच्या मागून कोळशाचा तुकडा काढला.

ही गोष्ट इथेच संपायला हरकत नव्हती. पण परवा संध्याकाळी आमच्या सेक्टरमधल्या भाजीवाल्याकडे एक बाई भेंडी घेत होत्या. तुम्हाला ती पद्धत माहीत आहे : प्रत्येक भेंडीचं शेपूट अंगठ्याने मोडून बघायचं, कट्कन तुटलं की कोवळी, ती पिशवीत. नाही तुटलं, नुसतं वाकलं, तर ती ढिगात परत, शेपूट पिचलेलं. पाव किलो भेंडीसाठी दीड किलोचा पंचनामा. आयुष्यभर मी हे बघत आलोय, स्वतः केलंय. त्या दिवशी चौथ्या की पाचव्या भेंडीला माझ्या तोंडून “स्स्स” निघालं. आणि मग, कसं कोण जाणे, मोठ्याने :

“मोरू नका!”

बाई चपापून माझ्याकडे वळल्या. “मोरू कोण?”

मला उत्तर देता येईना. त्यांनी भेंडीचा ढीग सोडला, मला नखशिखान्त न्याहाळलं आणि टोमॅटोकडे सरकल्या. भाजीवाला काही बोलला नाही. माझ्या पिशवीत त्याने न मागितलेली कोथिंबिरीची एक जुडी टाकली, चांगली, देठासकट.